दोन फेऱ्या

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
८ जून १९९९

थोरल्या आईस,

तुमच्या गावातला फोन अजून बंदच आहे असं दुकानवाल्यानं रेडिओवरून कळवलं. तेव्हा हे पत्र गुरुवारच्या टपालाच्या विमानानं धाडते आहे. मी बरी आहे. बरी म्हणजे उभी आहे. आपल्या मूळच्या, आदिवासी माणसांना या शहरात घर मिळवून द्यायचं आणि मिळालेल्या घरात ती टिकतील असं बघायचं, हे आमच्या ऑफिसचं काम तुला ठाऊकच आहे. सहा वर्षं झाली. माणसं तीच, नदी तीच, फक्त यादी लांबत चालली आहे.

आज आयव्ही नापालजारीबद्दल विचारायचं आहे. तुमच्याच बाजूची, वाळवंटातली म्हातारी. मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून इथं आली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागतं, त्यामुळे परत गावी जाता येत नाही. झोपते नदीत, पुलापलीकडच्या मोठ्या झाडाखाली. नदीला पाणी नाही, नुसती वाळू, पण जूनची थंडी त्या वाळूतून वाहत असते. सकाळी तिच्या घोंगडीवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो.

आजारी म्हणून यादीत वरचा नंबर लागला, तरी दोन वर्षं काढल्यावरच तिला पहिलं घर मिळालं. तिथं आधीचा भाडेकरू वारला होता, म्हणून ती आत पाऊल टाकेना. हे आम्हाला समजण्यासारखं होतं. मी आणि डेस्मंड, म्हणजे आमचा साहेब, दोघांनी मेलेल्याचा आत्मा निघून जावा म्हणून पानं पेटवून घराला धुरी द्यायला घेतली, तर छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला आणि दारात बंब हजर. आयव्ही त्या बंबाकडे बघत म्हणाली, "तो निघालाच होता बिचारा. आता पाणी मारून ठेवतील त्याला इथंच." झालं, ते घर गेलं.

घरखात्याचा नियम असा की दोन घरं नाकारली की नाव यादीच्या तळाशी, आजारपणाची सवलतही जाते. तळापासून वर यायला सहा वर्षं लागतात. आयव्हीकडे सहा वर्षं नाहीत, आणि हे तिलाही माहीत आहे.

काल तिला दुसरं घर दाखवायला नेलं. एका अंगणात चार बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक फाटक. तिचं तीन नंबरचं. फाटक अडकलं होतं, म्हणून चार नंबरातला माणूस उघडायला आला. त्याची नजर आमच्या गाडीत गेली मात्र, हातातली बादली तिथंच टाकून त्यानं पाठ फिरवली आणि भिंतीआड निघून गेला. इकडे आयव्हीनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. आत थरथरत होती. काय झालं म्हणून मी चारदा विचारलं, तर एकच उत्तर, मला नदीत सोड. अर्जात 'नाकारण्याचं कारण' असा रकाना आहे, तो कोरा आहे. तिच्या फायलीत 'मुलं शून्य' लिहिलं आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही.

मला वाटतं, त्या माणसानं तिला कधीतरी त्रास दिला असणार. घराची चावी तीस तारखेपर्यंत अडवून ठेवली आहे. तुला ती माहीत असेल तर कळव. तीन वर्षांची असताना सरकारी माणसांनी मला उचलून नेलं आणि गोऱ्यांच्या घरात वाढवलं. आपल्यातलं जे काही कळतं ते गेल्या सहा वर्षांत तुझ्याकडून कळलेलं, तेवढंच.

तुझी ग्लेनिस


वारलू
१६ जून

ग्लेनिस पोरी,

आयव्हीला मी ओळखणार नाही तर कोण. ती माझी बहीण. एका पोटची नव्हे, एका कुळाची. मीसुद्धा नापालजारीच ना? म्हणजे मी जशी तुझी आई, तशी तीही आई. आठ कुळांचा तक्ता मी तुला हातानं काढून दिला होता. कोण कुणाची आई, कुणी कुणाशी लग्न करायचं, सगळं त्यात आहे. तो फ्रिजवर चिकटवला आहे असं तू मोठ्या कौतुकानं लिहिलं होतंस. मी तो चिकटवायला दिला नव्हता.

आणि थरथर भीतीचीच असते असं कुणी सांगितलं तुला? त्या माणसाला काही बोलायच्या आधी त्याचं कूळ विचार. नाव विचारून काय मिळणार, नावं कुठल्याही दुकानात मिळतात. आयव्हीच्या मुलांपुढे शून्य कुणी घातलं तेही बघ. त्याबद्दल मी कागदावर काही लिहिणार नाही. भेटलीस की वाळूत बोटानं रेघ काढून सांगेन.

इथं सगळं ठीक. माझे पाय जरा जड झालेत. नवी नर्सबाई दर आठवड्याला येऊन रक्त काढून नेते. मी म्हटलं, बाई, थोडं मलाही राहू दे. शाळेतली पोरं हुशार आहेत, मास्तर तेवढा नाही. तू नीट जेवत जा. तुझं अक्षर बारीक झालंय.

तुझ्या आईची थोरली बहीण, म्हणजे आईच


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
२१ जून

थोरल्या आईस,

तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. जे करायचं ते मी गुरुवारीच करून बसले होते.

झालं असं की चार नंबरातला तो माणूस सोमवारपासून नदीत दिसायला लागला. पहाट फुटायच्या वेळी आयव्हीच्या झाडापासून दगड फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर येऊन बसायचा. तिच्याकडे पाठ करून. बसायचा म्हणजे तास-दोन तास हलायचा नाही. ओळीनं चार सकाळी मी स्वतः पाहिलं. ती घरी जात नाही म्हटल्यावर हा इथंवर आला, असं माझ्या मनानं घेतलं. आयव्हीपाशी रोज लाकडं रचलेली दिसायची, एकदा मांसाचा डबाही होता. कुणी दिलं विचारलं तर ती वाळूकडे बघायची.

गस्तीच्या गाडीला सांगून मी रीतसर तक्रार लिहून दिली. एकट्या म्हाताऱ्या बाईवर पाळत ठेवतो, असं लिहिलं. त्यांनी त्याला गाडीत घातलं, शहराच्या पार उत्तर टोकाला सोडलं आणि नदीत पुन्हा दिसायचं नाही म्हणून बजावलं. तो एका शब्दानं भांडला नाही म्हणे. गस्तवाल्यांच्या वहीत नाव आहे, लिंडसे जापानांगका. तू कूळ विचार म्हणाली होतीस, ते आयतंच मिळालं.

तक्ता बघायला मात्र अजून वेळ झालेला नाही. या आठवड्यात एक मयत, दोन बायकांना घर सोडायच्या नोटिसा, आणि डेस्मंडची कंबर धरली आहे, त्यामुळे गाडी मीच चालवते. आयव्हीला सांगितलं, आता तो येणार नाही, आता घर बघायला चल. तिनं परत घोंगडी ओढून घेतली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. खरं सांगू का, मला स्वतःला बरं वाटलं. या महिन्यात एक तरी काम पुरं झालं असं वाटलं.

तुझी ग्लेनिस


वारलू
२४ जून

ग्लेनिस,

विमान मैदानात उभं आहे. पायलट शाळेत चहा पितोय आणि त्याला थोपवून धरायला मी बिस्किटांचा अख्खा पुडा पुढे केलाय, म्हणून भरभर लिहिते.

तू लिहिलेलं ते नाव मी अंगठ्याखाली झाकलं आणि मग पुढचं वाचलं. मलाही ते घेता येत नाही. तक्ता बघ. नापालजारीच्या लेकीचा नवरा नेहमी जापानांगकाच असतो. तो आयव्हीचा जावई आहे.

तिला एकच लेक होती. दोन वर्षांपूर्वी गाडी उलटून गेली. गेलेल्याचं नाव आपण घेत नाही, तेव्हा मुलं किती म्हणून विचारल्यावर आयव्ही काय बोलणार? गप्प बसली असेल, आणि तुमच्या कुणीतरी शून्य घातलं. सासू आणि जावई यांनी एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही, नाव घ्यायचं नाही. ते वैर नव्हे पोरी. त्याहून मोठा मान आपल्यात कुणी कुणाला देत नाही. आणि सासूला लाकूड, मांस पुरवायचं ते जावयानं, मरेपर्यंत. इकडचं तिकडे द्यायला मध्ये बायको असते. इथं मधलीच गेली. म्हणून तो लाकूड ठेवतो आणि पाठ करून बसतो. ती पाळत नव्हती, तो पहारा होता.

गस्तवाल्यांपुढे का बोलला नाही? बोलायचं तर सासूबद्दल बोलावं लागलं असतं.

आता तुझं. तू त्या गेलेल्या मुलीच्याच कुळातली. म्हणजे नात्यानं तो तुझा नवराच लागतो. स्वतःच्या नवऱ्याला गाडीत घालून हाकलून देणारी बाई आपल्यात अजून झाली नव्हती. रडत बसू नकोस. जा, त्याला शोध. पायलट उठला.

आई


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
१४ जुलै

थोरल्या आईस,

तुझं पत्र पंचवीस तारखेलाच मिळालं. एकोणीस दिवस उत्तर दिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

फ्रिजपुढे उभी राहून तक्ता वाचला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सासू-जावयाचं मला माहीत नव्हतं असंही नाही. ऑफिसात नव्या आलेल्या पोरींना मीच फळ्यावर चित्र काढून शिकवते, दोन घरं, मध्ये भिंत, दोन वेगळी दारं. शिकवायला मी पक्की आहे. समोर माणूस पाठ करून बसला होता तेव्हा मात्र मला तो गुंड दिसला.

लाकडं बंद झाली ती त्याच शुक्रवारपासून. आयव्हीनं कुणाकडे मागितली नाहीत. अठ्ठावीस तारखेला यंत्राकडे नेणारी गाडी आली तर ती उठलीच नाही. मी दुपारी पोचले तेव्हा छाती घरघरत होती आणि ओठ निळे पडले होते. अकरा दिवस दवाखान्यात. डेस्मंड दुखरी कंबर घेऊन घरखात्यात जाऊन बसला आणि चावीची मुदत बारा जुलैपर्यंत वाढवून आणली. तो एरवी कुणापुढे हात जोडणारा माणूस नाही.

त्याला शोधायला तीन दिवस गेले. उत्तर टोकाला एका रिकाम्या शेडच्या कडेला बसलेला सापडला. तिकडून स्वतःच्या घरी परतायचं तर वाटेत नदी ओलांडावी लागते, आणि नदीत दिसायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून तो तिथंच राहिला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुला कुठं माहीत होतं." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग डोंगराकडे बघत त्यानं विचारलं, तिथं लाकूड कोण देतंय? मी खरं ते सांगितलं. तो उठून शेडच्या मागं गेला आणि बराच वेळ आला नाही.

पाच तारखेला तो ऑफिसात आला आणि चार नंबरची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"आता ती गाडीतून उतरेल," म्हणाला.

मी भांडले त्याच्याशी. ते घर मिळायला तो सात वर्षं थांबला होता, आत राहायला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. मी म्हटलं, चावी उचल, मी तिच्यासाठी दुसरीकडे बघते. त्यानं विचारलं, "बारा तारखेच्या आत मिळेल?" थोरली आई, सहा वर्षं या खुर्चीत बसून मी माणसांना 'बघते' म्हणत आले आहे. त्या दिवशी म्हणवलं नाही. तो म्हणाला, छताखाली त्याला झोप लागतच नव्हती, पंख्याकडे बघत पडायचा. खोटं बोलत होता, कारण शेडपासून त्याला घरी सोडलं तेव्हा त्याच्या खोलीतला पलंग मी पाहिला होता. उशाशी नीट घडी घातलेली चादर होती.

आयव्हीला नऊ तारखेला दवाखान्यातून थेट तिकडे नेलं. फाटकापाशी गाडी थांबल्यावर तिनं घोंगडीच्या फटीतून चार नंबरकडे पाहिलं. दारात बूट नव्हते, बादली नव्हती, खिडकीचा पडदाही काढलेला होता. ती उतरली.

परवा सकाळी गेले तर फाटकाबाहेर लाकडांची मोळी. आयव्ही अंगणात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला म्हणाली, "लेकी, सांग कुणाला तरी, लाकूड ओलं आहे. धूर होतो." हे सांगणं कुणासाठी ते मला कळलं, आणि मला लेकी म्हटलं तेही कळलं. मी गाडी वळवून नदीत गेले आणि त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. आज मोळी वाळक्या लाकडांची होती, वर कांगारूची अर्धी शेपटी. आयव्हीनं राखेत भाजलेली रोटी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. कुठं पोचवायची ते बोलली नाही. मी पोचवली.

तर असं आहे. तो आता नदीत झोपतो, तिच्याच जुन्या झाडाखाली. गस्तवाल्यांकडची माझी तक्रार मागं घेतली. यादीत त्याचं नाव पुन्हा घातलं, तळाशी, दोनशे बारावं. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, एका व्यक्तीला घर मिळालं. एकानं घर सोडलं, त्याला रकाना नाही. मी फार थकले आहे. डेस्मंडला द्यायचा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे.

ग्लेनिस


वारलू
२२ जुलै

ग्लेनिस लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बाहेर वाळूत बसून वाचलं.

तू एकोणीस दिवस गप्प बसलीस म्हणून मी रागावणार नाही, कारण मी मे महिन्यापासून गप्प आहे. नर्सबाई रक्त काढून नेत होती ते गंमत म्हणून नव्हे. माझीही मूत्रपिंडं गेली. शहरात जाऊन यंत्र लावा, नाहीतर वर्ष निघणार नाही, असं तिनं मे महिन्यातच सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. तुमच्या त्या नदीत कडक थंडीत कुडकुडत मरण्यापेक्षा आपल्या वाळूत मेलेलं बरं, असं ठरवून टाकलं. तुला एक शेवटचं पत्र लिहायचं होतं. दर वेळी लिहायला बसले की तुझं काहीतरी नवं निघायचं, आयव्ही, बंब, तो माणूस. तुझे घोळ निस्तरता निस्तरता माझं मरायचं राहून गेलं.

आता बहिणीकडे चार भिंती आहेत. बहिणीच्या घरी जायला बहिणीला परवानगी लागत नाही. तुमच्या खात्याचा पाहुण्यांचा काही नियम असेल तर तो तू आणि तुझा कंबरवाला साहेब बघून घ्या. दोघी मिळून एक खोली पुरते, आयव्ही घोरते तेवढं मी सोसेन. पाच ऑगस्टच्या टपालाच्या विमानानं येते. सामान फार नाही. घोंगडी, किटली, खणायची काठी, आणि शाळेतल्या पोरांनी काढलेलं एक मोठं चित्र.

त्याला कळव. आयव्हीची बहीण म्हणजे मी त्याचीही सासूच लागते. आपल्यामुळे अजून एक सासू येऊन बसली, असं त्याच्या मनात येईल, पण तो तसं बोलणार नाही. त्यानं ते घर सोडलं नसतं तर मला दार नसतं. हे मी त्याला कधीच सांगू शकणार नाही. तू सांग.

राजीनामा द्यायचा असेल तर मला विमानातून उतरवून घेतल्यावर दे. मला भीती वाटते. एवढ्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आई


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
२७ जुलै

आईस,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि दार लावून घेतलं. मे महिन्यापासून तुझे पाय सुजत होते आणि मी तुला यादीच्या, नोटिसांच्या आणि फ्रिजच्या गोष्टी लिहीत होते. तू लिहिलेलं सगळं समोर होतं. मी परत एकदा वाचलं नाही, एवढंच.

यंत्राचं ठरलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आयव्हीबरोबरच, एकाच गाडीनं. पाहुण्यांच्या नियमाला डेस्मंडनं कागद जोडला. त्यात 'बहीण' लिहिलं, आणि घरखात्याच्या साहेबानं सख्खी का विचारलं तर म्हणाला, आमच्यात बहीण सख्खीच असते. आयव्हीला सांगितलं तेव्हा तिनं आपला गादीचा तुकडा भिंतीकडे सरकवला आणि तुझ्यापुरती जागा केली.

त्यालाही सांगितलं, तू सांगितलंस तसं, शब्दाला शब्द. तो काठीनं वाळू उकरत राहिला. मग विचारलं, सामान किती आहे? मी म्हटलं, किटली, काठी, घोंगडी, एक चित्र. म्हणाला, किटली तरी जड असेल, मी येतो. विमानतळावर तो शेडच्या मागच्या बाजूला पाठ करून उभा राहील. तू इकडे तिकडे बघू नकोस, थेट पुढे ये. शेडपुढे सावलीत बाक आहे, त्यावर बस.

डेस्मंड म्हणाला, एवढ्याशा किटलीसाठी शहरातून दोन फेऱ्या? मग स्वतःच गाडीची चावी माझ्यापुढे सरकवली. तोही कुणाचा तरी जावई आहे.

राजीनामा अजून पर्समध्येच आहे. पाच तारखेला गाडी कुणीतरी चालवायला हवी. पहिल्या फेरीत तो आणि तुझं सामान. ते अंगणाच्या फाटकाबाहेर उतरवून तो नदीकडे निघून जाईल. मग मी परत वळेन. मधे अर्धा तास जाईल. तेवढा वेळ तू एकटी असशील, ओळखीचं कुणी दिसणार नाही, पाय दुखतील. कंटाळून उठून चालू लागू नकोस. बाकावरच बस. मी येते आहे.

तुझी लेक